पाळणाघराचा खर्च कोणी उचलायचा, हे नियमात लिहा

महोदय,

प्रसूती रजेचे 26 आठवडे संपत आले की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. बाळाला कोणाकडे ठेवायचे आणि महिन्याला किती मोजायचे? आजी-आजोबा गावी असतात. पाळणाघराची अनामत, प्रवेश शुल्क, महिन्याचे शुल्क आणि संध्याकाळी उशीर झाला की तासाचा जादा आकार, हे सगळे धरले तर आईच्या पगाराचा मोठा वाटा तिथेच जातो. मग ‘सरकारची काही योजना असेल’ म्हणून शोधाशोध होते आणि सायबर कॅफेत कुठले तरी फॉर्म भरले जातात. पाळणाघराचे शुल्क थेट पालकांच्या खात्यात जमा करणारी सर्वसाधारण योजना आपल्याकडे नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये (दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000) हे बुडालेल्या मजुरीपोटी आणि बाळंतिणीच्या आहारासाठी आहेत. त्यातून पाळणाघर चालत नाही.

खरी मदत आहे ती मालकाकडे, अंगणवाडीत आणि थोडीफार आयकरात. सर्वांत मोठी मदत मालकाकडची आहे आणि नेमकी तीच मागितली जात नाही, किंवा चुकीच्या पद्धतीने मागितली जाते.

मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. हे कलम 1 जुलै 2017 पासून लागू झाले. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या (या जुन्या कायद्याची जागा घेणारा केंद्राचा कायदा) कलम 67 मध्येही ते कायम आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आले पाहिजे, मात्र या चार भेटींत विश्रांतीची सुट्टी धरलेली आहे. याखेरीज बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी रोज दोन वेळा वेगळी सवड मिळते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही 50 किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची तरतूद आहे आणि एक किलोमीटरच्या परिघातल्या आस्थापनांना मिळून एकच पाळणाघर चालवता येते. तो कायदा ‘कामगारांची मुले’ असे म्हणतो, ‘कामगार स्त्रियांची’ असे नाही. म्हणून बापानेही अर्ज करायला हरकत नाही. खरे तर त्याने करावाच.

अर्ज रजा संपल्यावर नव्हे, रजेवर जाण्यापूर्वी द्यावा. निदान कामावर परतण्याच्या दोन महिने आधी तरी. 2017 च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच हे लाभ लेखी आणि ई-मेलसारख्या माध्यमातून कळवणे मालकावर बंधनकारक झाले. म्हणून त्यानंतर रुजू झालेल्यांनी आधी आपले नेमणूकपत्र आणि कंपनीची नियमपुस्तिका उघडून पाहावी. अर्जात चार गोष्टी विचाराव्यात: पाळणाघर कोणते, कामाच्या जागेपासून किती अंतरावर, किती ते किती वाजेपर्यंत उघडे, आणि शुल्क कोण भरणार. अर्ज कागदावर दिला तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्यावी, नाहीतर ई-मेल करावा. तोंडी विचारणा झाली की तोंडीच नकार मिळतो आणि पुढे दाद मागताना हातात काहीच नसते.

उत्तरे ठरलेली असतात. ‘आमच्याकडे 50 बायका नाहीत.’ कायदा 50 कर्मचारी म्हणतो, त्यात पुरुषही मोजायचे. हा गैरसमज कारखान्यांच्या जुन्या कायद्यातून आलेला दिसतो, कारण तिथे 30 पेक्षा जास्त स्त्री कामगार ही अट होती. त्या अटीने स्त्रीला कामावर घेणेच खर्चाचे करून ठेवले होते, म्हणून सर्वांची मोजदाद करणारी नवी रीत आम्हाला अधिक न्याय्य वाटते. ‘तुम्ही कंत्राटी आहात.’ महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हंगामी, रोजंदारी, सल्लागार आणि कंत्राटी अशा सर्वांना पाळणाघर खुले असावे, असे म्हटले आहे. ‘जागा नाही.’ जागा स्वतःचीच हवी असे नाही. सरकारी, महापालिकेच्या, खासगी किंवा स्वयंसेवी संस्थेच्या पाळणाघराशी करार करता येतो.

चौथे उत्तर सर्वांत फसवे असते: ‘अमुक डे-केअरशी आमचा करार आहे, तुम्हाला सवलत मिळेल.’ सवलत म्हणजे पाळणाघराची सोय नव्हे. कंपनी हिंजवडीत आणि करारातले पाळणाघर कोथरूडला असेल, तर त्या चार भेटी कागदावरच राहतात. 2018 च्या सूचनांत हे अंतर 500 मीटरच्या आत असावे असे सुचवले आहे. वेळ कामाच्या पाळीप्रमाणे, तीन वर्षांखालच्या दर 10 मुलांमागे एक सेविका, तीन वर्षांवरच्या दर 20 मुलांमागे एक, असा हिशेबही त्यात आहे. पण त्या सूचना आहेत, सक्ती नाही.

आणि शुल्क? इथे कायदा गप्प आहे. पाळणाघर ‘असावे’ म्हटले, ते फुकट की अर्ध्या दरात, हे लिहिलेच नाही. म्हणून काही कंपन्या सगळा खर्च उचलतात, काही अर्धा देतात, काही नुसता पत्ता देतात. समजा, शुल्क महिना 8,000 रुपये आहे. मालकाने निम्मे दिले तर वर्षाला 48,000 रुपये घरात राहतात. अर्जातला चौथा प्रश्न म्हणूनच सोडू नये. चार-पाच पालकांनी एकत्र सह्या करून विचारला तर उत्तर टाळता येत नाही. उत्तरच आले नाही तर पोहोच जोडून सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे किंवा दुकाने कायद्याखालच्या सुविधाकारांकडे (पूर्वीचे निरीक्षक) तक्रार द्यावी. रोख भत्ता देऊ केला तर तो करपात्र पगारात मिळवला जाईल, हे लक्षात ठेवून आकडा बोलावा.

जिथे 50 माणसे नाहीत, तिथे पाळणाघराची ही सक्ती लागू नाही. घरकाम करणाऱ्या, दुकानात एकट्या उभ्या राहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायकांना आधार आहे तो ‘पाळणा’ योजनेचा. 2006 ची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना 2017 पासून राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली आणि 2022 पासून मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या एकत्रित योजनेखाली ‘पाळणा’ या नावाने आली. आता आई नोकरी करते की नाही ही अट नाही. वय 6 महिने ते 6 वर्षे, एका पाळणाघरात 25 पर्यंत मुले, महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास. पूरक आहार, वजन-उंचीची नोंद आणि लसीकरणावर लक्ष यांसह. चौकशी अंगणवाडी सेविकेकडे करावी. तिला माहिती नसेल तर मुख्य सेविकेकडे, आणि शेवटी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. बाळाचा जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचे कार्ड जवळ ठेवावे.

साधी अंगणवाडी आणि अंगणवाडी-सह-पाळणाघर (अंगणवाडीतच चालणारे ‘पाळणा’ केंद्र) यांत पालकांची गल्लत होते. साधी अंगणवाडी काही तासांत सुटते आणि तीन वर्षांखालच्या बाळाला तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभराचा सांभाळ नाही. पाळणाघरातले साडेसात तासही अपुरे आहेत. आठ तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा एक तास धरला तरी मधले दीड-दोन तास शेजारणीच्या भरवशावर काढावे लागतात.

आयकरातला आधार लहान आहे, पण पावती नीट नसल्याने तोही बुडतो. जुन्या करप्रणालीत दीड लाखाच्या वजावटीत दोन मुलांपर्यंतचे शिकवणी शुल्क धरता येते आणि त्यात प्ले-स्कूल, नर्सरी येतात. नुसत्या सांभाळाचे शुल्क, खाऊ, गाडी, देणगी येत नाही. अनेक ठिकाणी प्ले-स्कूल आणि पाळणाघर एकाच छताखाली असते आणि पावतीवर एकच आकडा लिहिलेला असतो. शिकवणीचा भाग खरोखर असेल तर तो वेगळा लिहून मागावा, सोबत मुलाचे नाव, महिना आणि संस्थेचा शिक्का. 8,000 पैकी 3,000 शिकवणीचे असतील तर वर्षाला 36,000 ची वजावट होते. 20 टक्के दराने उपकरासह 7,488 रुपये वाचतात. दीड लाखाची मर्यादा भविष्य निर्वाह निधीनेच भरली असेल तर मात्र काही हाती लागत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही.

सरकारी नोकरीतल्या पालकांना मदत मिळते ती मुख्यतः रजेच्या रूपात. केंद्रात बालसंगोपन रजा 730 दिवस, राज्यात 180 दिवस. केंद्राच्या सेवेतल्या दिव्यांग मातेला मूल दोन वर्षांचे होईपर्यंत दरमहा विशेष भत्ता मिळतो. 2024 पासून तो 3,750 रुपये आहे, तरी हक्कदारांपैकी कोणी तो मागितलाच नाही असे होऊ नये.

आमची मागणी सरकारकडे आहे. संहितेत अंतर ठरवण्याचे काम केंद्र सरकारच्या नियमांवर सोडले आहे, तर त्या नियमांत ते 500 मीटर असे आकड्यात लिहावे आणि सूचनांमधली शिफारस सक्तीची करावी. शुल्काचा किमान निम्मा वाटा मालकाचा, हेही लिहावे. प्रत्येक आस्थापनेने आपले पाळणाघर कोणते, हे हजेरीच्या जागी फलकावर लावावे. महापालिकांनी ‘पाळणा’ केंद्रांची प्रभागवार यादी, प्रत्येक केंद्रातल्या रिकाम्या जागांसह, अंगणवाडीच्या दारावर आणि प्रसूतिगृहात लावावी. बाळंतीण घरी जाते त्याच दिवशी ती तिच्या हातात पडली, तर शोधायला सहा महिने मिळतात.

आपले,
कामगार कायदे आणि बालसंगोपन क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे