हात नऊ-तीनवर

वडोदरा

ती. आई-बाबा,
सा. न.

आज काला घोडा सर्कल मी पूर्ण फिरले. ड्रायव्हिंग क्लासचे काका शेजारी होते, पण त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. कमाटीबागेकडून आत शिरताना चाक डावीकडे, लगेच उजवीकडे आणि बाहेर पडताना पुन्हा डावीकडे. तेवढ्या वेळात एकदाही हात अडकले नाहीत, म्हणून हे पत्र.

बाबा, पहिले आठ दिवस मी तुमच्यासारखं वळवत होते. उजव्या हाताची मूठ चाकाच्या आतून घालायची आणि ओढायचं. लहानपणापासून मागच्या सीटवरून तेच बघितलं होतं. तुमच्या जुन्या फियाटचं स्टिअरिंग जड होतं, त्याला तसा जोर लागायचाच. आता पॉवर स्टिअरिंग आहे, त्या जोराची गरज उरली नाही.

काकांनी घड्याळ शिकवलं. डावा हात नऊवर, उजवा तीनवर. उजवीकडे वळायचं तर उजवा हात बारापर्यंत न्यायचा आणि चाक खाली सहापर्यंत ओढायचं. तोवर डावा हात रिकामाच सरकत सहाला येतो आणि तिथून चाक वर ढकलतो. हात एकमेकांवरून जात नाहीत. सरळ होताना मी चाक सोडून द्यायचे, गाडी आपोआप सरळ होते म्हणून. हळू वेगात ती पुरती होत नाही, तेव्हा चाक हातातून सरकू द्यायचं, सोडायचं नाही.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. तुमच्या नव्या गाडीत हॉर्नच्या जागीच एअरबॅग आहे. ती पापणी लवायच्या आत फुगते. त्या वेळी मनगट तिच्यावरून आडवं असेल तर हातच तोंडावर आदळतो. पूर्वी दहा-दोनवर धरा म्हणायचे, आता नऊ-तीन म्हणतात त्याचं एक कारण हेच. शिवाय तुमचा उजवा खांदा दुखतो, हात खाली राहिले तर त्यालाही आराम पडेल.

तुम्ही चाकाला अगदी चिकटून बसता. छाती आणि चाक यांत किमान 25 सेंटीमीटर हवेत. पाठ सीटला टेकवून हात लांब करा, मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे.

आई, तूही बाजाराला बाड्यावर जाताना सीट पुढे ओढून पिशवी मांडीवर घेऊन बसतेस. तुझ्या पुढेही एअरबॅग आहे गं. पिशवी मागे ठेव, बेल्ट लाव.

उद्या गाडी बाहेर काढायच्या आधी दोघांनी सीट सरकवून बघा आणि किती खाचा मागे गेली ते रात्री फोनवर सांगा.

तुमची,
ताई