बंड्यास पत्र: आईला पार्टीच केलं नव्हतं, मग अपील कसं?

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, तू रडतोयस का शिव्या देतोयस तेच कळेना, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच टाकू, फोनवर तू कुणाला बोलू देत नाहीस.

तर दोन्ही मामांनी आपसात आजोबांच्या जमिनीच्या वाटपाचा दावा लावला, आईला ना वादी केलं ना प्रतिवादी, कोर्टाने निम्मं निम्मं ठरवलं, आणि तुम्हाला पत्ता लागला तो थेट फेरफारची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायची, नोटीस आली तेव्हा. आजोबा गेल्यावर आईचं नाव सातबाऱ्याच्या इतर हक्कात टाकलेलं होतं ना? पोरींची नावं तिथेच ढकलायची पद्धत, पण हरकत नाही, नाव आहे हे महत्त्वाचं.

तू विचारतोस, जी दाव्यातच नव्हती ती अपील करू शकते का. करू शकते, पण परवानगी मागून. गंमत अशी की दिवाणी कोडाचं (दिवाणी प्रक्रिया संहितेचं) कलम ९६ अपील कशावर करायचं ते सांगतं, कुणी करायचं ते सांगतच नाही. आपल्या मुंबई हायकोर्टाने १९४९ मध्येच प्रॉव्हिन्स ऑफ बॉम्बेच्या केसमध्ये म्हटलंय की निकालाने ज्याचं नुकसान होतं अशा त्रयस्थाला कोर्टाच्या परवानगीने अपील करता येतं, पुढे १९७० ला सुप्रीम कोर्टाने गोलछा प्रॉपर्टीजच्या केसमध्ये तेच धरलं. पण कुणीही उठावं आणि अपील ठोकावं असंही नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं की निकालाची झळ खरोखर तुला लागली पाहिजे, नुसतं वाईट वाटून चालत नाही. आईचं तसं नाही, मुलगी म्हणून तिचा हिस्सा निघतो आणि तो दोघांनी वाटून घेतला.

आता तुझा वकील म्हणाला ना की पार्टी नाही म्हणजे निकाल बंधनकारक नाही, घाबरू नका? ते खरंय रे, पण अर्धं. हेच ऐकून आमच्या आत्याने काहीच केलं नाही, दोन वर्षं आम्हीही निवांत, मग एक दिवस बांधावर मोजणीवाले आले, आणि ती जमीन तोवर तिसऱ्यालाच विकलेली. आत्या बांधावर उभी राहून नुसती कापसाकडे बघत होती. नंतर आम्ही केस केली, पण त्या घेणाऱ्याशी भांडण वेगळं आणि ते अजून चालूच आहे.

आणि आपल्याकडे अजून एक भानगड, महाराष्ट्रात दावा चालू असताना जमीन विकली तर तो निकाल घेणाऱ्याला बांधायचा असेल तर दाव्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावी लागते, बाकी बऱ्याच राज्यांत हे लागत नाही. वकिलाला हे आधी विचार, अपील दाखल झालं की नोंदवून टाका.

मुदत ३० दिवसांची, कारण अपील जिल्हा कोर्टात जाईल (हायकोर्टात असतं तर ९०). निकाल फेब्रुवारीतला म्हणजे ती कधीच संपली, पण आईला माहीतच नव्हतं, त्यामुळे उशीर माफ करायचा अर्ज आणि परवानगीचा अर्ज असे दोन्ही अपिलासोबत लावायचे, वर तूर्तातूर्त मनाई मागायची म्हणजे तोवर विक्री होत नाही. आता आणखी उशीर नको, सोमवारीच निकालाच्या नकलेचा अर्ज टाक, कोर्टाच्या मागच्या खिडकीत, स्टॅम्प दाराबाहेर मिळतो.

मोठ्या मामांना फोन करू नकोस. मला माहितेय तुला करायचाय. जत्रेत भेटतील तेव्हा पाया पड आणि गप्प बस.

आणि हो, ती नोटीस आली त्या पाकिटाचं काय केलंस? वहिनी म्हणाल्या रद्दीत टाकलं. शोध, रात्रीच शोध, त्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच आईला कधी कळलं त्याचा पुरावा.

तुझाच,
नाना