'मूळ एचिंग' म्हणून विकलेल्या ऑफसेट प्रतीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

विषय: 'नो पोपरी, ऑर न्यूगेट रिफॉर्मर' ('पोपशाही नको, अर्थात न्यूगेटचा सुधारक') या व्यंगचित्राचे खोटे वर्णन, छाटलेला मजकूर व सदोष फ्रेम

महोदय,

आमच्या अभ्यासगटाने आपल्या संकेतस्थळावरून इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचे हे चित्र 'मूळ एचिंग, 1780' असे वर्णन वाचून घेतले. आलेली प्रत एचिंग नाही.

दहापट भिंगातून पाहिले की जाळीदार ठिपके दिसतात; ही ऑफसेट, म्हणजे आधुनिक यांत्रिक छपाईची खूण. कागदाचा जुनाट पिवळेपणाही त्याच ठिपक्यांनी छापला आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने खाचा पाडून त्यांत शाई भरतात. ओलसर कागद दाबाखालून निघाला की शाईची रेघ किंचित उठून राहते. इथे सगळे सपाट आहे. पत्र्याचा दाब म्हणून कडेने एक खोलगट रेघ उमटवली आहे, पण खऱ्या छापात पत्र्याखालचा पूर्ण भाग समासापेक्षा गुळगुळीत होतो. या प्रतीत आत-बाहेर पोत एकच. अतिनील दिव्याखाली कागदाची मागची बाजू निळसर चमकते, म्हणजे त्यात विसाव्या शतकातली प्रकाशवर्धक रसायने आहेत.

याहून गंभीर बाब म्हणजे आपण खालचा समास छाटला आहे. त्यात चार ओळींची कविता आहे: हा स्वतःला प्रोटेस्टंट म्हणवतो, पण चेहरा आणि सोटा बघा; धर्माच्या नावाने ओरडतो आणि जाळपोळ, चोरी करतो. त्या ओळी गेल्या की उरतो फक्त सोटा उगारलेला माणूस. तो कॅथलिकविरोधी चळवळीचा वीरही वाटू शकतो. चित्राचा सगळा डंख तिथेच होता. 9 जून 1780 ही प्रकाशनाची तारीखही त्याच समासात होती. प्रकाशनाचा दिवस आणि मालकाचे नाव पत्र्यावर कोरण्याची अट इंग्लंडच्या 1735 च्या कायद्यातच होती, त्यामुळे कालनिश्चितीसाठी ती ओळ फार मोलाची.

ती वाचली असती, तर मागची पेटलेली इमारत आपण 'बास्तीय (पॅरिसचा तुरुंग), फ्रेंच राज्यक्रांती' अशी नोंदवली नसती. ते लंडनचे न्यूगेट कारागृह आहे. कॅथलिकांना थोड्या सवलती देणाऱ्या 1778 च्या कायद्याविरुद्ध प्रोटेस्टंट नेते लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांनी 2 जून 1780 रोजी संसदेवर मोर्चा नेला, त्यातून दंगल भडकली आणि 6 जूनला जमावाने न्यूगेट जाळून कैदी सोडवले. बास्तीय पडला तो नऊ वर्षांनी.

फ्रेमही सदोष आहे. प्रत दुहेरी चिकटपट्टीने थेट एमडीएफवर (लाकडी भुशाच्या दाबीव फळीवर) डकवली असून काच कागदाला टेकली आहे. पावसाळ्यात तिथे ओल धरून बुरशी येणारच. आम्लमुक्त माउंट, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या व गव्हाच्या स्टार्चची खळ एवढे पुरले असते.

पुनर्मुद्रण विकण्याला आमची हरकत नाही. ते तसे सांगून, कवितेसह आणि त्या किमतीत विकावे. पूर्ण रक्कम व परतीचा खर्च द्यावा आणि संकेतस्थळावरील वर्णन दुरुस्त करावे. ई-कॉमर्स नियम, 2020 नुसार 48 तासांत पोच व महिन्याच्या आत निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे अर्ज करू. बिल आणि भिंगातून घेतलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपले,
मुद्राचित्र अभ्यासगट