गणपतीला येईन, राहायला नाही

भांडुप, रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आई रडायला लागली की माझं बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. मी चिपळूणला कायमची राहायला येत नाहीये. उद्यापासून आठवड्याचे तीन दिवस ऑफिस, तसं कळवूनही टाकलंय. बाबा, तुम्ही माडीवरची खोली रंगवून घेतलीत हे दादाने सांगितलं, तेव्हापासून घास गोड लागत नाहीये. पण आधी ऐकून घ्या.

तुमचं म्हणणं, महिनाभर पडून राहा, आयतं खा. सुरुवातीला मी तेच केलं आणि तिथेच घोटाळा झाला. डाव्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली होती. घर गरगरायचं ते चार दिवसांत थांबलं, पण दोन कानांचे निरोप एकमेकांशी जुळेनात. ते जुळवून घ्यायला मेंदूच शिकतो, आणि हालचाल केल्याशिवाय शिकत नाही. मी मात्र अंथरुणात पडून चक्करच्या गोळ्या घेत राहिले. त्या पहिले थोडेच दिवस घ्यायच्या असतात. पुढे त्या हे शिकणंच मंद करतात. मग दिवसभर होडीत बसल्यासारखं डुलणं सुरू झालं. तीन महिने उलटले तरी जाईना, तेव्हा त्याला पीपीपीडी, म्हणजे महिनोन्‌महिने न हटणारी चक्कर, म्हणतात हे कळलं. त्याचे निकष २०१७ साली ठरले, म्हणून आधीच्या डॉक्टरांना सापडलं नसेल, अशी मी आपली समजूत घालते. एमआरआय साफ, बीपी ठीक, मानेचा पट्टा फुकट गेला. रात्रीची एक छोटी गोळी आहे, ती नैराश्यावरही देतात. बाबा, डोकं फिरलं होतं खरं, पण त्या अर्थाने नाही.

व्यायाम साधा आहे. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, नजर त्यावर रोखायची आणि मान डावी-उजवी हलवायची. मी अक्षराऐवजी आईची मरून टिकली लावलीय, आरशावर राहिलेली. पहिल्या दिवशी ती नुसती थरथरत होती आणि वीस सेकंदांत मळमळलं. आता पूर्ण मिनिट होतं, तेही चालता चालता. आई, फुगडीत तू म्हणायचीस ना, "माझ्या कुंकवाकडे बघ, इकडेतिकडे बघू नकोस"? फिजिओथेरपीच्या बाई पैसे घेऊन तेच सांगतात.

शनिवारी दुपारी स्लो लोकलने भायखळ्यापर्यंत जाऊन आले. शेजारून फास्ट गेली की अजून वाटतं आपलीच गाडी मागे चाललीय. उतरून दहा मिनिटं बाकावर बसले, चहा घेतला, परतले. ऑफिसलाही गर्दी ओसरल्यावरच जाणार. दारात उभी राहणार नाही, पुलावर कठड्याच्या बाजूने चालेन. पोळ्यांना ताई येतात, कुळथाचं पीठ अजून आहे, चावी शेजारच्या वहिनींकडे असते. झोपही लागते.

आता तुमचं. बाबा, साखरेमुळे तुमच्या तळपायांना नीट कळत नाही, हे कबूल करा. तोलाला कान, डोळे आणि पाय तिघंही लागतात; पाय कच्चे आणि वर अंधार, म्हणजे सगळा भार कानांवर. रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा चालू ठेवायचा, बिल मी भरते. पुरानंतर बसवलेल्या त्या गुळगुळीत लाद्यांवर रबरी पायपुसणं घाला. आणि आई, कूस बदलली की घर फिरतं म्हणून तू परस्पर माझ्याच त्या चक्करच्या गोळ्या आणल्यास! त्या बंद कर. बहुतेक कानातले बारीक खडे सरकले असतील. तसं असेल तर कानाचे डॉक्टर डोकं ठरावीक पद्धतीने वळवून ते जागेवर आणतात, काही मिनिटांचं काम असतं. दादा गुरुवारी नेईल. "मला काही झालेलं नाही" हे त्याला सांगायचं नाही. रागावले नाहीये गं, भीती वाटते.

गणपतीला पाच दिवस येते. माडीवरच झोपेन, रंगाचा वास असला तरी. आणि तोवर तुझे खडे जागेवर बसले असतील तर एक फुगडी घालू. हळू. दोनच फेऱ्या.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, दिवा लावल्याचा फोटो पाठवा. नुसतं "लावला" चालणार नाही.