पहिले वेल्डिंग मशीन घेताना : मुलीस पत्र

चि. मृणाल हिस
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तू वेल्डिंग सुरू करणार आहेस आणि दोन मशीनची छायाचित्रे पाठवून त्यांतले कोणते घ्यावे असे विचारले आहेस. मशीनकडे वळण्याआधी माल पाहू. कुंड्यांचे स्टँड, टेबलांचे सांगाडे, खिडकीची जाळी आणि पुढे जमल्यास फाटक एवढाच पसारा असेल, तर तुझ्या हाती येणार ते दीड-दोन मिलिमीटर जाडीचे चौकोनी पाइप आणि तीन ते पाच मिलिमीटरचे अँगल व पट्ट्या. अशा मालाला २.५ मिलिमीटरचा रॉड (वितळून सांधा भरणारी वेल्डिंगची कांडी) साधारण ६० ते ९० अँपिअरवर आणि ३.१५ मिलिमीटरचा रॉड ९० ते १३० अँपिअरवर चालतो. तेव्हा १६० अँपिअर प्रामाणिकपणे देणारे सिंगल फेजचे इन्व्हर्टर मशीन (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारे हलके वेल्डिंग मशीन) तुला पुरून उरेल.

प्रामाणिकपणाची अट मुद्दाम घातली आहे, कारण खोक्यावर २५० किंवा ३०० असा ठळक आकडा छापलेला असतो आणि तो पुष्कळदा निव्वळ मॉडेलच्या नावाचा भाग असतो. खरे काय ते मशीनच्या मागील नेमप्लेटवर पाहावे. तू पाठवलेल्या पहिल्या मशीनच्या प्लेटवर २०० अँपिअर आउटपुट आणि २३० व्होल्टला जास्तीत जास्त २० अँपिअर इनपुट असे लिहिले आहे. रॉडच्या वेल्डिंगमध्ये २०० अँपिअरला आर्कचा, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या विजेच्या ज्योतीचा, दाब २८ व्होल्ट धरतात, म्हणजे बाहेर पडणारी शक्ती ५६०० वॅट झाली. आत मात्र २३० गुणिले २० म्हणजे फार तर ४६०० वॅट जात आहेत. आत जाते त्याहून अधिक बाहेर काढणारे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही, म्हणून ते मशीन यादीतून काढून टाक. दुसऱ्या मशीनचा हिशेब जुळतो. त्यावर १६० अँपिअरला ६० टक्के ड्यूटी सायकल दिली आहे; याचा अर्थ दर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे आर्क चालू ठेवता येईल, आणि तेही भोवतालचे तापमान ४० अंशांपर्यंत असेल तर. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, पण ८० अँपिअरवर काम करताना तुला ते फारसे जाणवणार नाही.

तुझ्या मित्राने मिग, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची तार गॅसच्या आवरणात वितळवणारे मशीन, घेण्याचा सल्ला दिला आहे. पातळ पत्र्याला मिग निश्चितच सोपे जाते. परंतु त्यासोबत गॅसचे सिलिंडर, रेग्युलेटर आणि तारेचे रीळ सांभाळावे लागते, आणि तुझी शेड दोन बाजूंनी उघडी असल्यामुळे वाऱ्याने गॅस उडाला की जोडात छिद्रे राहतात. एकाच खोक्यात मिग, टिग (टंगस्टनच्या टोकाने गॅसमध्ये केलेले वेल्डिंग) आणि रॉड देणारी यंत्रे मला पहिल्या खरेदीसाठी पसंत नाहीत. जुने तांब्याच्या वाइंडिंगचे ट्रान्सफॉर्मर मशीन मात्र मला मनापासून आवडते, ते वर्षानुवर्षे बिघडत नाही. पण त्यांतली बहुतेक दोन फेजवर चालतात आणि तुझ्या घरी जोडणी एका फेजची आहे.

विजेचा विषय लांबणीवर टाकू नकोस. ८० अँपिअरवर वेल्डिंग करताना असे मशीन लाइनमधून तेरा-चौदा अँपिअर ओढते, म्हणजे १६ अँपिअरचे सॉकेट कसेबसे निभावते, ३.१५ चा रॉड लावलास की ओढ वीसच्या घरात जाते आणि सॉकेट तापू लागते. म्हणून मीटरपासून शेडपर्यंत ६ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र लाइन, ३२ अँपिअरचा एमसीबी (भार वाढताच आपोआप पडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून करून घे. महावितरणकडे मंजूर भार किती आहे तेही बिलावर पाहा आणि कमी असेल तर वाढवून घे.

मशीनवरचे पैसे वाचवून ते आपोआप गडद होणाऱ्या हेल्मेटवर, चामड्याच्या हातमोज्यांवर आणि तांब्याच्या केबलवर खर्च कर. मशीनच्या खोक्यात मिळणारी, हातात धरायची काचेची पाटी टाका मारताना एक हात अडकवून ठेवते. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर सांध्याजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढ, कारण त्याच्या धुराने रात्री थंडी-ताप भरतो. ग्राइंडर मशीनच्या शेजारी चालवू नकोस. मशीनचा पंखा लोखंडाचा कीस आत ओढतो आणि इन्व्हर्टरचा बोर्ड त्यानेच जळतो.

पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअर बाजारात जाताना तुझ्याच मालातले दोन मिलिमीटर पाइपचे चार तुकडे आणि ६०१३ प्रतीचे २.५ चे थोडे रॉड सोबत ने. ७० अँपिअरवर आर्क लगेच धरते का, रॉड चिकटतो का, पाइपला भोक पडते का, हे दुकानातच पाहा. चालवून दाखवायला तयार नसेल तो दुकानदार सोडून पुढच्याकडे जा, आणि दुरुस्ती पुण्यातच होते की मशीन बाहेरगावी पाठवावे लागते हे विचारायला विसरू नकोस. पैसे देण्याआधी नेमप्लेटचे स्पष्ट छायाचित्र मला पाठव, मी हिशेब करून लगेच कळवतो.

तुझे
बाबा