कार्यालयीन सॉफ्टवेअर : वर्गणी की एकरकमी खरेदी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातील ज्या पतसंस्था, विकास सोसायट्या, सार्वजनिक वाचनालये आणि आंबा बागायतदार यांच्या संगणकांवर अजून मायक्रोसॉफ्टचे ऑफिस २०१६ किंवा २०१९ (वर्ड, एक्सेल इत्यादी) आहे, त्यांना आता निर्णय टाळता येणार नाही, कारण या दोन्ही आवृत्त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्या आहेत. अशा वेळी वार्षिक वर्गणी सोयीची वाटते, परंतु ती स्वीकारण्यापूर्वी आपल्याकडे पैसा कधी आणि कसा येतो, याचा विचार संचालकांनी अवश्य करावा.

बागायतदाराच्या हाती रक्कम येते ती प्रामुख्याने आंब्याच्या हंगामात. वाचनालयाचे अनुदान हप्त्यांनी मिळते. वर्गणीचे नूतनीकरण मात्र ठरलेल्या तारखेलाच करावे लागते. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची, म्हणजे वर्गणीवर मिळणाऱ्या ऑफिसची, वर्गणी खंडित राहिली, की संगणकावरील फायली उघडतात, छापताही येतात, पण त्यांत दुरुस्ती करता येत नाही आणि नवी फाइलही तयार होत नाही. लेखापरीक्षणाच्या तोंडावर ही वेळ आली, तर ताळेबंदातला एक आकडाही बदलता येणार नाही. शिवाय वर्गणीची खातरजमा होण्यासाठी त्या संगणकाला साधारण महिन्यातून एकदा तरी इंटरनेट लागते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडील गावांनी वीज आणि संपर्काविना किती दिवस काढले, हे इथल्या कोणालाही सांगायला नको.

ऑफिस २०२४ एकदाच पैसे भरून घेता येते व सुरुवातीच्या नोंदणीनंतर ते इंटरनेटविना चालते. मात्र ते एकाच संगणकापुरते असते, पुढील आवृत्ती त्यात मिळत नाही आणि त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंतच मिळतील. म्हणून त्याची किंमत उरलेल्या वर्षांवर विभागूनच वर्गणीशी तुलना करावी. संस्थेने घरगुती नव्हे, व्यवसायासाठीचा परवाना असलेली आवृत्ती घ्यावी, हेही महत्त्वाचे.

वर्गणीच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा आहे तो सोबत मिळणाऱ्या एक टेराबाइट ऑनलाइन जागेचा. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात कागदी दप्तर आणि संगणक एकदमच चिखलात गेले, तेव्हा गावाबाहेर ठेवलेल्या प्रतीचे मोल सर्वांना कळले. पण ही सोय वेगळीही करता येते. गूगलच्या मोफत १५ गिगाबाइट जागेत छोट्या संस्थेची पत्रे आणि हिशेबपत्रके सहज मावतात, आणि दुसरी प्रत बाहेरगावच्या एखाद्या पदाधिकाऱ्याकडे हार्ड डिस्कवर ठेवता येते.

चार-पाच जण वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच पत्रकावर रोज काम करत असतील, तर वर्गणी जरूर घ्यावी. केवळ इतिवृत्ते, नोटिसा आणि पत्रव्यवहार असेल, तर लिब्रेऑफिस हे ऑफिससारखेच मोफत सॉफ्टवेअर पुरेसे ठरते. फक्त गुंतागुंतीची एक्सेल पत्रके त्यात नीट उघडतात का, हे आधी तपासावे. बाकीच्या छोट्या कार्यालयांसाठी मला एकरकमी खरेदीच योग्य वाटते.

ऑफिस २०२१ ची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच असल्याने ती आवृत्ती वापरणाऱ्या संस्थांनी हा खर्च अंदाजपत्रकात वेळीच धरावा, ही विनंती.

आपला,
एका सहकारी संस्थेचा मानद सचिव, रत्नागिरी जिल्हा