सिटीचे दुखणे ऑक्टोबरमध्येच दिसत होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी या फुटबॉल संघाच्या पडझडीबद्दल महिनाभर जे लिहिले-बोलले जात आहे, त्यात ‘भूक मेली’, ‘संघ म्हातारा झाला’, ‘प्रशिक्षक ग्वार्डिओलाचे दिवस भरले’ हेच फिरून फिरून येते. सांगली-मिरजेत सिटीचे समर्थक थोडेथोडके नाहीत आणि सध्या त्यांना कट्ट्यावर बसायची सोय उरलेली नाही. चिडवणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. सलग चार वर्षे प्रीमियर लीग जिंकणाऱ्या संघाच्या वाट्याला हे येणारच. पण संघ हरतो आहे तो का, हे तरी नीट मांडले जावे, म्हणून हे पत्र.

30 ऑक्टोबर ते 26 डिसेंबर 2024 या काळात सगळ्या स्पर्धा मिळून 13 सामने झाले. विजय एक, बरोबरी तीन, पराभव नऊ. खाल्लेले गोल 28. लीगमध्ये पहिल्या नऊ सामन्यांत 23 गुण होते, पुढच्या नऊ सामन्यांत जेमतेम पाच मिळाले. काल रात्री लीस्टरला 2-0 ने हरवले तेव्हा कुठे 19 सामन्यांत 31 गुण झाले.

मूळ दुखणे 22 सप्टेंबरचे. आर्सेनलविरुद्ध आपला बचावात्मक मिडफिल्डर रॉड्रीच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले आणि त्याचा हंगाम गेल्यातच जमा झाला. पुढच्याच महिन्यात त्याला वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचे बॅलन डी'ओर मिळाले, तेव्हा तो कुबड्या घेऊन स्टेजवर आला. फेब्रुवारी 2023 ते मे 2024 या काळात तो खेळला त्या 74 सामन्यांत सिटी हरली नव्हती. हा योगायोग नाही. सिटी आक्रमण करते तेव्हा तिची बचावफळी जवळजवळ मध्यरेषेवर चढलेली असते आणि तिच्या मागे 45-50 मीटर मैदान मोकळे असते. हे परवडते ते एकाच अटीवर: समोरच्यांनी चेंडू हिसकावला की त्यांच्या पहिल्या पासवर कोणीतरी धावून गेले पाहिजे. चेंडू असलेल्याला मान वर करायला वेळच मिळाला नाही, तर त्याला मागे मोकळे मैदान आहे हे दिसूनही उपयोग नसतो. रॉड्री हे काम चेंडू जाण्याआधीच सुरू करायचा. आपला संघ हल्ला करत असतानाच तो दोन्ही सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) पुढे दहा-बारा मीटरवर, समोरच्या आघाडीपटूच्या वाटेत उभा राहायचा. त्याने चेंडू काढून घेतला नाही तरी तीन-चार सेकंद अडवून धरला की पुढे गेलेले पाच जण परत यायचे. ते तीन-चार सेकंदच आता हातात नाहीत.

रॉड्रीनंतर लगेच हार सुरू झाली नाही, म्हणून लोक दुसरी कारणे शोधतात. पण ऑक्टोबरचे सामने पुन्हा बघा. फुलहॅमविरुद्ध 3-2 झाले, त्यात रॉड्रीच्या जागी खेळणाऱ्या कोव्हाचिचचे दोन गोल सगळ्यांना आठवतात. फुलहॅमचा अडामा ट्राओरे मोकळ्या मैदानातून गोलरक्षकासमोर किती वेळा एकटा पोहोचला, ते कोणी आठवत नाही. त्याने संधी वाया घालवल्या म्हणून तीन गुण मिळाले. वुल्व्ह्जविरुद्ध 2-1 चा विजय 95व्या मिनिटाला स्टोन्सच्या हेडरने आला. साउथॅम्प्टनसारख्या तळाच्या संघावर फक्त 1-0. निकाल जिंकल्याचे होते, खेळ हरण्याकडे झुकलेला होता. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय संघाकडून खेळून कोव्हाचिचही दुखापत घेऊनच परतला आणि झाकलेले सगळे उघडे पडले.

बोर्नमथविरुद्धच्या पराभवात त्यांच्या केर्केझने डावीकडून मुसंडी मारून दोन्ही गोलांचे पास दिले. त्या बाजूला आपला वॉकर होता, वय 34. मागची मोकळी जागा आपल्या वेगाने भरून काढणे हेच इतकी वर्षे वॉकरचे काम होते. तो वेग आता राहिलेला नाही. ब्रायटनविरुद्ध 78व्या मिनिटापर्यंत आघाडी होती, पाच मिनिटांत सामना गेला. टॉटनहॅमने सिटीच्या घरच्या मैदानावर चार गोल घातले आणि घरच्या 52 सामन्यांची अपराजित मालिका संपली. फेयेनूर्डविरुद्ध 75व्या मिनिटाला 3-0 होते, संपताना 3-3.

मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या डर्बीत तर सगळे एकाच ठिकाणी दिसले. मूळचा मिडफिल्डर असलेला मॅथियस नुनेस लेफ्ट बॅकला (डावा बचावपटू म्हणून) खेळत होता. 1-0 ची आघाडी असताना शेवटच्या मिनिटांत त्याने गोलरक्षकाकडे मागे पास दिला, तो तोकडा पडला. युनायटेडचा अमाद मध्ये घुसला, नुनेसने त्याला पाडले, पेनल्टी. 88व्या मिनिटाला ब्रुनोने गोल केला. दोनच मिनिटांत लिसांद्रो मार्टिनेझचा लांब पास बचावफळीवरून मागे पडला आणि अमादने तो साधला. पास देताना मार्टिनेझवर कोणी धावून गेले का, ते बघा. 2-1 चे कारण तिथे आहे.

स्ट्रायकर हालांडला दोष देणेही सोपे आहे. पहिल्या पाच लीग सामन्यांत दहा गोल, त्यानंतरच्या 14 सामन्यांत चार. एव्हर्टनविरुद्ध त्याने पेनल्टी घालवली, हे खरेच. पण चेंडू खालून स्वच्छ वर येत नसेल तर स्ट्रायकर काय करणार? नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध डी ब्रॉयना सप्टेंबरनंतर पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि 3-0 झाले, हालांडच्या एकाही गोलाशिवाय. क्लबवरच्या आर्थिक नियमभंगाच्या आरोपांच्या सुनावणीमुळे खेळाडूंचे लक्ष उडाले, हे तर मुळीच पटत नाही. सुनावणी सप्टेंबरच्या मध्यात सुरू झाली. ऑक्टोबर संपेपर्यंत संघ लीगमध्ये एकही सामना हरला नव्हता.

ग्वार्डिओलाचे चुकले ते उन्हाळ्यात. आघाडीपटू आल्वारेझला विकले, त्याच्या जागी कोणी आणले नाही. रॉड्रीला पर्याय घेतला नाही. 33 वर्षांचा मिडफिल्डर गुंडोगान परत आणला. तो हुशार आहे, पण उलट्या हल्ल्यामागे 40 मीटर धावणे आता त्याच्याकडून होत नाही. त्यात दियास, स्टोन्स, आके, आकांजी हे बचावपटू आलटून पालटून जायबंदी. तरीही ग्वार्डिओलाला काढा म्हणणे मूर्खपणाचे आहे. नोव्हेंबरमध्ये त्याचा करार 2027 पर्यंत वाढवला, ते योग्यच झाले.

हे लांबच्या क्लबचे असले तरी आपल्या मैदानांवर उपयोगाचे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांच्या संघांना हल्ली टीव्हीवर बघून बचावफळी मध्यरेषेपर्यंत चढवायला शिकवले जाते. मुरमाड मैदानावर ते अंगाशी येते. लांब मारलेला चेंडू टप्पा पडून सेंटर बॅकच्या डोक्यावरून उसळतो आणि मागे धावणाऱ्याला आयता मिळतो. प्रशिक्षकांना विनंती आहे की बचावफळी स्वतःच्या गोलपासून 30 मीटरच्या पुढे नेऊ नये, आणि दोन्ही फुल बॅक (कडेचे बचावपटू) एकाच वेळी वर पाठवू नयेत. मागे तीन, त्यांच्या पुढे दोन, एवढे जण हल्ल्याच्या वेळीही जागेवर हवेत. सराव साधा आहे. अर्ध्या मैदानात सहा जणांनी चार बचावपटूंवर हल्ला करायचा. बचावाच्या बाजूचे आणखी दोन जण मध्यरेषेवर उभे. चेंडू गेला की शिट्टी आणि मोठ्याने पाच अंक. पाचाच्या आत चेंडू मध्यरेषेवरच्या दोघांपर्यंत पोहोचला, तर सहा जणांची हार. पंधरा मिनिटे पुरेत. त्याहून जास्त घेतले की मुले दमून नुसती उभी राहतात. शाहू स्टेडियमवर सामने बघायला कोल्हापूरला जाणाऱ्यांनीही पुढच्या वेळी चेंडूवरची नजर काढून, हल्ला चालू असताना मागे कोण कुठे उभा आहे, ते जरूर बघावे.

सिटीचे म्हणाल, तर लीस्टरवरच्या विजयाने हुरळून जायचे कारण नाही. लीस्टरनेही गोलसमोर चांगल्या संधी घालवल्या. रॉड्री येईपर्यंत बचावफळीच्या पुढे एकाऐवजी दोघे हवेत: कोव्हाचिच आणि बर्नार्डो. बचावफळी आठ-दहा मीटर मागे घ्यावी. आघाडी असेल तर 60व्या मिनिटानंतर ताजे पाय मैदानात उतरवावेत, 80व्याची वाट बघू नये. जानेवारीत पैसे खर्च करायचेच असतील तर आधी होल्डिंग मिडफिल्डर (रॉड्रीचे काम करणारा), मग वेगवान सेंटर बॅक, बाकी सगळे नंतर. 4 जानेवारीला घरच्या मैदानावर वेस्ट हॅम आहे. 22 ला पॅरिस, 29 ला ब्रुग. चॅम्पियन्स लीगमध्ये संघ सहा सामन्यांत आठ गुणांसह 22वा आहे आणि पुढे जातात ते पहिले 24. पॅरिसला मध्यरेषेवर बचावफळी आणि तिच्या पुढे एकटा गुंडोगान, अशी मांडणी घेऊन जाऊ नये.

आपला,
सिटीचा एक समर्थक
विश्रामबाग, सांगली
30 डिसेंबर 2024